धुराची वाट

मित्रांनो, मी आता जुनं झालेलं, पत्रा कापणारं टेबल आहे. संगणकात आकृती भरली की माझ्यावरची टॉर्च, म्हणजे कापणारी नळी, रुळांवरून सरकू लागते. तिच्यातली हवा विजेने इतकी तापते की लोखंड लोण्यासारखं चिरत जातं. त्या तापलेल्या हवेला प्लाझ्मा म्हणतात. पण चिरताना थोडं लोखंड उडून हवेत मिसळतं. तो माझा धूर.

शाहूपुरीतल्या दुकानात माझ्या शेजारी दुसरं टेबल होतं. आकाराने लहान, पण पोटात पाण्याची टाकी असलेलं. उसाच्या ट्रॉल्या बनवणारे वर्धमान मालक निवड करायला आले, ते आपल्या जुन्या कारागिराला, गणपतीमामांना घेऊन.

"मामा, चालवायचं तुम्हाला हाय. तुम्हीच सांगा," मालक म्हणाले.

मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हेच घ्या की. आख्खा पत्रा बसतोय. त्ये दुसरं काय म्हस हाय व्हय, पाण्यात डुंबायला?"

"मामा, त्या पाण्यात धूर अडकतो," दुकानातली संयोगिता म्हणाली. "हे घेणार असाल, तर धूर ओढणारा पंखा तरी जोडा."

"शेडात पंख्याला जागाच न्हाय," मालक म्हणाले.

मामांनी खिशातून गुळाचा खडा काढला. "पोरी, ह्यो बघ आमचा पंखा. तोंडात टाकला की धूर घशाखाली."

सगळे हसले. माझी निवड झाली.

रोज सकाळी मामा माझ्या रुळांवरची धूळ एका फुंकरीत उडवत आणि मगच बटण दाबत. माझी कापणी बघायला शेजारच्या शेडमधले लोक येत, तेव्हा मामांची छाती फुगे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापला की पांढरा धूर निघे. त्या संध्याकाळी मामांना हुडहुडी भरे. सकाळी ते ठणठणीत दिसत, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गुळाचा डबा माझ्या पायाशी असायचा. गूळ पोटात जात होता आणि धूर फुफ्फुसात. दोघांच्या वाटा घशापाशीच वेगळ्या होतात. मला हे कळत होतं, पण मला फक्त कापता येतं.

मामांना खोकला लागला. पुढे त्यांचं कामावर येणं थांबलं. एकदा ते भिंत धरत धरत भेटायला आले आणि आपल्या स्टुलावर टेकले.

"डॉक्टर काय म्हणाले?" मालकांनी विचारलं.

"फुप्पुस घट झालंय म्हणं. करपल्या भाकरीगत. फुगतच न्हाय."

"तवाच पंखा घ्यायला पायजे हुता, मामा."

"माझीच निवड की, मालक."

ते माझ्यावर वाकले आणि त्यांनी फुंकर मारली. धूळ हलली नाही. मग त्यांनी ती बाहीने पुसली.

मामा गेले. नेसरीला, त्यांच्या गावी, मातीला जाऊन आल्यावर मालकांनी पंखा मागवला. शेडात जागा नव्हती ना? मामांचं स्टूल उचललं, तिथे तो बसला.

आता प्रसेनजीत मला चालवतो. तो आधी पंखा लावतो, मग मला. गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या आहेत, पण तो हलवायला कुणाचा हात धजत नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही यंत्र निवडाल. ते किती कापतं, किती वेगाने कापतं, हे जरूर विचारा. पण धूर कुठे जाणार, हे आधी विचारा. तुम्ही वाट काढून दिली नाही, तर तो कुणाच्या तरी छातीत जातो.