ड्रायरचं पहिलं बटण

विंचूरच्या नव्या शेडमध्ये त्या दुपारी बायका कांदा चिरत बसल्या होत्या आणि उज्वलाचे डोळे सगळ्यांत जास्त चुरचुरत होते. त्यात कांद्याचा दोष फारसा नव्हता. समोर तिची धाकटी जाऊ मोहिनी हसत होती आणि चार जणी तिच्याभोवती खिदळत होत्या, हे खरं दुखणं.

भाव पडला की गावातला कांदा रस्त्याकडेला जायचा आणि बायकांची मजुरी बुडायची. म्हणून नाशिकच्या एका संस्थेनं देणगीतून इथल्या महिला गटाला कांदा वाळवायचा ड्रायर दिला होता. गटाची अध्यक्ष उज्वला. पण संस्थेच्या मॅडमपुढे उभं राहून मागणी धिटाईनं मांडली ती मोहिनीनं. तेव्हापासून मॅडमचा फोन आला की आधी विचारणा, ‘मोहिनीताई आहेत का?’ नवरा गेल्यावर जिला घरच्या हळदीकुंकवालाही कुणी बोलावत नव्हतं, तिला आता गाव विचारू लागलं होतं. उज्वलाच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं.

उद्या उद्घाटन होतं आणि बटण मोहिनीताईंनीच दाबावं, असा मॅडमचा निरोप आला. उज्वलानं विळी बाजूला सारली.

“मॅडमला काय म्हाईत आपली रीत? शुभ कामाला सवासीन लागती. उद्या ड्रायर बंद पडला मंग?”

सगळ्यांचे हात थांबले. नुकतीच गटात आलेली विधवा भागीबाई खाली मान घालून बसली. बाकीच्या पुन्हा कांदा चिरू लागल्या. असं बोलणारी एखादीच असते, गप्प बसणाऱ्या मात्र शेडभर असतात. मोहिनीनं हात धुतले आणि निघून गेली. तिच्यामागून भागीबाईही उठली. उज्वलाला मात्र गार वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी ती चार घास जास्तच जेवली.

सकाळी नवी साडी नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन ती सासूबाईंच्या खोलीशी गेली. दार लावलेलं होतं.

“आई, निघते. पाया पडू द्या.”

“तिकडूनच पड.” आतून लंकाबाई म्हणाल्या. “शुभ कामाला चालली. माझ्यावाणी विधवेचं तोंड बघू नको.”

“असं काय बोलता?”

“काल तूच बोलली ना? भागीनं सांगितलं मला. तुझ्या लेकीच्या बारशालाबी मी अशीच आत बसले व्हते. बाळ रडत व्हतं, ते ऐकत. तुला वाटलं, म्हातारीला गर्दी आवडत नाय.”

उज्वलाला खरंच तसं वाटलं होतं. तसं वाटून घेणं सोयीचं होतं. याच बाईनं तिची दोन्ही बाळंतपणं काढली होती, रात्र-रात्र मूल मांडीवर घेतलं होतं. उज्वलाला स्वतःचीच लाज वाटली. तिनं दार ढकललं, सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मान वर करून त्यांचं तोंड डोळे भरून पाहिलं. मग तशीच ती पलीकडच्या खोलीत मोहिनीकडे गेली.

“चल शेडवर.”

“कशाला? ड्रायर बंद पडंल ना, ताई.”

“माझा जीव जळतो तुझ्यावर. मॅडम तुलाच विचारत्यात, ते मला सहन होत नाय. म्हणून कुंकू मधी आणलं. तुझ्यात काय खोट नाय.”

मोहिनीनं पदर खोचला.

“यीन. पण आई पुढं बसतील. भागीबाईबी. आणि गटाच्या मीटिंगला हळदीकुंकू सगळ्यांना लागंल, नायतर कोणालाच नाय.”

शेडवर पोचल्यावर, काल चारचौघींत बोललेलं उज्वलानं चारचौघींतच मागं घेतलं. शब्द एकही गाळला नाही. मोहिनीनं बटण दाबलं, ड्रायर घरघरला, मॅडमनी तिलाच मिठी मारली आणि उज्वलाच्या पोटात पुन्हा कळ उठली.

“हेवा काय लगेच जायचा नाय माझा,” ती मोहिनीच्या कानाशी पुटपुटली.

“राहू द्या, ताई. भांडायचं तर कामावरनं भांडू. कुंकवावरनं नको.”

पुढच्या रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या लंकाबाई बसल्या होत्या. कितीतरी वर्षांनी एखादं शुभकार्य त्या डोळ्यांनी पाहत होत्या. वाचकहो, तुमच्या घरच्या पुढच्या कार्यात पाहुणे मोजण्याआधी आतल्या खोलीचं दार एकदा उघडून बघा. तिथं कोण बसलंय?