झबल्यांचा पत्ता

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या घरात दीक्षा आणि तिचा दीर प्रेमानंद यांच्यात बोलणं जवळजवळ तुटलंच होतं. रामटेकच्या गिऱ्हाईक यमुताईंचा तक्रारीचा फोन आला आणि उरलंसुरलंही संपलं.

नव्या बाळाच्या अंगाला आधी जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच लागावं, ही आपल्याकडची रीत. लोक आईचं, आजीचं लुगडं पाठवत आणि दीक्षा त्याची झबली शिवून देई. या कामाची वेबसाइट प्रेमानंदने बनवली, तिचं नाव स्वतःच्याच खात्यावर घेतलं आणि नावाच्या शेवटी ऐटीत डॉट आयओ लावलं. दीक्षा बाळंत झाली तशी त्याने कामं परस्पर महाल भागातल्या एका शिंप्याकडे वळवली. यमुताईंनी नातवासाठी आपल्या गेलेल्या आईचं लुगडं पाठवलं होतं. परत आलं ते नव्या, कडक कापडाचं झबलं.

"लुगडं कुठी हाये भाऊजी?"

"शिंप्यानं मशीन पुसायले घेतलं असन. बाळाले काय समजते?" त्याने मोबाइलमधून मान काढली नाही. "साइट माझी हाये वहिनी. तुम्ही लेकरू सांभाळा."

बाळाला पाजता पाजता दीक्षाने या आयओचं मूळ शोधलं होतं. हिंदी महासागरातल्या काही बेटांचा तो संकेत. तिथल्या माणसांना इंग्रजांनी घरादारातून काढलं, त्यांची कुत्रीसुद्धा मारली. पुढे त्या बेटांची दोन अक्षरं जगभरच्या कंपन्या मिरवू लागल्या.

"माणसं हाकलायची अन् नाव ठेवून घ्यायचं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर तेच निवडलं."

दुपारी बाळाला पोटाशी बांधून ती महालात गेली. लुगडं सापडलं. अर्धं तेलाने काळं झालेलं, अर्धं धड. धड भागाचं झबलं तिने शिवलं, शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवून, कोवळ्या अंगाला टोचू नयेत म्हणून. मग आपल्या देशाचा देवनागरीतला संकेत, डॉट भारत, त्यावर स्वतःच्या खात्यात नवं नाव घेतलं आणि तो पत्ता झबल्यासोबत रामटेकला पाठवला.

प्रेमानंदला कळलं तेव्हा तो दारातच उभा राहिला. वहिनी हा शब्द गळून पडला होता.

"हे असलं मराठी कोण टाईप करन वं?"

तेलाने काळं झालेलं अर्धं लुगडं दीक्षाने घडी घालून त्याच्या लॅपटॉपवर ठेवलं.

"हे तुमच्या साइटच्या वाट्याचं," ती म्हणाली आणि रडणाऱ्या बाळाला उचलून घेतलं.