गुलाबी नोटेचा नंबर

कस्तुराबाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि नवऱ्याला बसायला जागा केली. सोपानराव उभेच राहिले. केडगावच्या बँकेत दोन हजारांच्या नोटा बदलून घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. रांगेत तीनच माणसं उरली होती आणि बाई त्यांना एकेक करून निरखत होत्या. त्यांत गोकुळ नव्हता. ते आंधळ्यालाही दिसलं असतं, पण आईला कोण सांगणार!

मे महिन्यात टीव्हीवर सांगितलं, की गुलाबी नोटा परत घेणार. तेव्हापासून बाई राहूहून एसटीनं इथं येऊन बसायच्या. शेवंतीची तोडणी असली तर तेवढाच खाडा. गोकुळला घर सोडून सात वर्षं होत आली होती. नोटबंदीचा तो हिवाळा. निघताना बाईंनी त्याच्या पिशवीत दोन हजारांची करकरीत नोट सारली होती आणि तिचा नंबर लिहून ठेवला होता. खोट्या नोटांच्या भीतीनं बचत गटातल्या बायका तेव्हा प्रत्येक मोठ्या नोटेचा नंबर टिपून ठेवायच्या, ती सवय.

त्याच सुमारास कुणीतरी उठवलं, की नव्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी वरून उपग्रहाला दिसते. झालं! बाई नंबर घेऊन पोलीस चौकीत गेल्या आणि म्हणाल्या, बघा बरं, आत्ता कुठं आहे ती. हवालदार आधी हसला, मग त्यानं पाणी दिलं. बँकेतल्या अनुपमा मॅडमनी तर एक नोट उजेडाला धरून दाखवली. मावशी, ही नुसती चमकणारी पट्टी आहे, चिपबिप काही नसतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाल्या, एवढी मोठी गोष्ट सरकार कॅशियरला कशाला सांगंल?

आता तर काय, नोटाच परत यायच्या होत्या. बाईंचा हिशोब सरळ होता. चिप नसली तर नसू दे, नोट बँकेत आली की माणूस संगं येणारच, आणि गोकुळचं खातं याच शाखेत आहे. मॅडमनी तो नंबर काउंटरच्या काचेला आतून चिकटवून ठेवला होता. त्यांना बाईंकडं बघवत नसे, दुसरं काही नाही.

ती नोट सोपानरावांच्या बंडीच्या आतल्या खिशात होती.

गोकुळ निघाला तेव्हा ते गोठ्यात होते. शिरूरकडं रांजणगावच्या कंपनीत कामाला जायचं, यावरून आठ दिवस घरात धुसफूस चालली होती. जायचं तर जा, ते म्हणाले होते, पण माझ्या फुलांचा एक पैसा संगं नेऊ नको. पोरगं बापावरच गेलेलं. त्यानं पिशवीतून नोट काढली, गव्हाणीच्या कडेवर ठेवली आणि चालू लागला. रांजणगावला तो पोचलाच नाही. कुठं गेला, ते आजवर कुणाला कळलं नाही.

नोट उचलताना सोपानरावांना वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत येईल. मग वाटलं, आठ दिवसांत येईल. मग सांगायची वेळच निघून गेली. पोराच्या खिशात दोन हजार आहेत, एवढ्यावर बाई घास गिळत होत्या, तेही कसं हिसकावून घ्यायचं? या चार महिन्यांत ती नोट घेऊन ते दोनदा रांगेत उभे राहिले आणि दोनदा बाहेर पडले. आपण भेकड आहोत, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

दुपारी बँकेचं शटर अर्धं खाली आलं. मॅडम बाहेर येऊन बाईंशेजारी बसल्या. नंबर आला नाही, म्हणाल्या. आता यापुढं या नोटा इथं घेणार नाहीत, फक्त रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या कचेऱ्यांत, मुंबईला वगैरे. त्यांनी जपून, हळू आवाजात सांगितलं, आणि बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"मंग आपण मुंबईलाच जाऊ की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिथं बसू. भाकरी बांधून घेते."

एसटीची पायरी चढायलाही बाईंना आता हात द्यावा लागायचा. तरी त्या जाणार, हे सोपानरावांना पक्कं माहीत होतं. या घडीला तरी त्यांना गप्प बसवेना. त्यांनी बंडीत हात घातला आणि घड्यांवर विरलेली ती नोट बाईंच्या मांडीवर ठेवली.

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. आकड्यांवरून बोट फिरवलं. चिठ्ठी काढायची गरज नव्हती, नंबर तोंडपाठ होता.

"गव्हाणीवर ठिवून गेला," सोपानराव म्हणाले. "मीच म्हणलो व्हतो, माझा पैसा नेऊ नको. तुला सांगायला धीर न्हाई झाला."

मॅडम गुपचूप उठून आत गेल्या. सोपानराव शिव्यांची वाट बघत राहिले. सात वर्षं त्यांना त्या शिव्या हव्या होत्या.

बाईंनी नोट मांडीवर पसरली आणि तळहातानं तिच्या घड्या सपाट केल्या.

"मंग त्या दिवशी त्यानं खाल्लं काय असंल?" त्या म्हणाल्या. "सकाळी निस्त्या चहावर गेला व्हता."