खुर्चीवरची बाई

लाँड्रीच्या इस्त्रीखोलीत सोमवारी एक परकी बाई खुर्ची टाकून बसली आणि थोरलीची इस्त्री हवेतच थांबली. "कामाची पाहणी आहे, तुम्ही रोजच्यासारखं करा," साहेब म्हणाले. रोजच्यासारखं म्हणे! कोणी टक लावून बसलं तर माणसाला घास गिळवत नाही, आणि इथे तर पोटाचा प्रश्न.

इस्त्रीला दोघीच, सख्ख्या जावा. हॉटेलांच्या चादरींचे ढीग दोघींनीच उपसायचे. त्यात धाकटीचा उजवा खांदा धरलेला. घरी दीर अंथरुणाला खिळलेला, तेव्हा चूल पेटायची ती धाकटीच्या पगारावर. ही बया एकीला घरी बसवायला आली आहे, आणि खांद्याचं कळलं की ती एक म्हणजे धाकटी, हे थोरलीने मनात पक्कं केलं.

मग तिने चंगच बांधला. आपल्या चादरी झपाट्याने उरकायच्या आणि बाईची नजर वळली की धाकटीच्या ढिगातल्या ओढून घ्यायच्या.

"जाऊबाई, दमाल हो," धाकटी कुजबुजली.

"गप. हात हलव."

बाई मात्र मिठास. दोघींबरोबर चहा प्यायली, मग हळूच धाकटीला म्हणाली, "खांदा दुखतो का तुमचा?"

केसाने गळा कापणारी दिसते ही, थोरलीला वाटलं. तिने मध्येच तोंड घातलं, "छे हो, तिची उभं राहायची तऱ्हाच तशी. हे काम म्हणजे आमच्या हातचा मळ."

बाईने मान डोलावली. त्या मान डोलावण्याचाही थोरलीला संशय आला.

आठवडाभर दोघी अशा राबल्या की सुट्टी व्हायच्या आतच टेबलं रिकामी. बाई गेली, धाकटीची नोकरी टिकली. थोरली मनातून फुलून गेली होती.

सोमवारी साहेब हसतच आले. "नव्या हॉटेलाचं काम घेतोय. तिसरी बाई ठेवावी म्हणून तर ती पाहणी केली. पण त्या म्हणाल्या, गरजच नाही, दोघींना वेळ उरतो. उद्यापासून माल येईल."

"साहेब, हिचा खांदा..."

"त्यांनी विचारलं होतं की. तुम्हीच नाही म्हणालात."

साहेब गेले. थोरलीला स्वतःचीच एवढी चीड आली की डोळे भरून आले. धाकटीने इस्त्री डाव्या हातात घेतली. थोरलीने सवयीने तिच्या ढिगातली चादर ओढली.

"राहू द्या, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "उद्यापासून तुमचाच ढीग तुम्हाला आवरणार नाही."