सर्वेशची डावी बाजू

धाकट्या लेकीचं, जान्हवीचं लग्न २०२३च्या मे महिन्यात लागलं, त्याच आठवड्यात शिवदासच्या पुढ्यात सर्वेशची कवटी आली. कवटी म्हणजे संगणकावरचं स्कॅनचं चित्र. दिंडोशीला मोटारसायकलवरून पडलेल्या सर्वेशच्या डोक्याचं डावीकडचं हाड डॉक्टरांनी काढलं होतं, आणि संसर्ग होऊन ते वायाही गेलं होतं. त्या जागी बसेल असा प्लास्टिकचा तुकडा शिवदास काम करायचा त्या अंधेरीच्या कारखान्यात घडवायचा होता.

अठ्ठावन्न वर्षांच्या शिवदासचे डोळे लग्नाच्या धावपळीनं जड झाले होते. नेहमीच्या रीतीनं त्यानं शाबूत उजवी बाजू उलटी करून डावीकडे बसवली. मागची कड चार मिलिमीटर वर राहिली. कंटाळून त्यानं ती जुळवून टाकली आणि नमुना काढला.

सर्वेशची आई, घाटकोपरच्या सुलक्षणाबाई, लेकाचे जुने फोटो द्यायला आल्या. नमुन्यावरून त्यांनी तळवा फिरवला.

"गोल केलात हो! झकास!"

"म्हणजे? आधी नव्हतं?"

बाई खाली बघायला लागल्या. "चपटं होतं तिथे. एकच खोली, एकच खिडकी. तान्हा असताना हा सारखा उजेडाकडे तोंड करून पडायचा, मी कूस बदललीच नाही. सासू म्हणायची, पोराचं डोकं वळवायला पण आळस तुला! शाळेत पोरं कलता नारळ म्हणायची."

शिवदासनं स्कॅन पुन्हा उघडलं. ती कड उगाच वर राहिली नव्हती.

"बाई, हे नाही चालणार. वरची कातडी आक्रसलीय. गोल तुकड्यावर ताणून शिवली तर टाके उसवतील. सगळं परत काढावं लागेल."

"थोडंसं तरी? तीस वर्षं ऐकून घेतलंय मी."

"थोडंसंही नाही."

"तुमच्या आईनं तुमचं बरं वळवलेलं दिसतंय!" बाई फणकारल्या. मग पदरानं नाक पुसलं. "करा चपटं. पोरगा घरी येऊ दे."

शिवदासनं फोटो समोर ठेवून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. जूनमध्ये ऑपरेशन झालं. टाके टिकले.

डिसेंबर सरता सरता सर्वेश कारखान्यात आला. डोक्याचा गोटा केलेला, डावीकडचा चपटेपणा उघडा.

"आई गेली, काका. न्हावी विचारत होता, इथे असं कसं रे? म्हटलं, आईनं केलंय, सांभाळून फिरव."

शिवदासनं खुर्ची पुढे सरकवली.

सुलक्षणाबाई १४ डिसेंबर २०२३ रोजी, गुरुवारी सकाळी, घाटकोपरच्या राहत्या घरी वारल्या.