गुन्हा नोंदवून घ्या

इग्नाझ हासलिंगरने आयुष्यात एकच गुन्हा केला, आणि त्याला गुन्हा म्हणायला एकही माणूस तयार होईना.

सप्टेंबरातला शनिवार होता, दुपारचे सव्वातीन. दोनशे माणसांच्या देखत त्याने ग्राबनरच्या मुलीला, बुर्गीला, तिच्याच लग्नातून उचललं. खानावळीत जेवणं उरकली होती, बँडवाल्यांनी पट्टे सैल सोडले होते. इग्नाझ आत शिरला तो खांद्याला दुनळी बंदूक अडकवूनच. सरळ नवरीपाशी गेला, तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "ऊठ. ओरडलीस तर याद राख."

बुर्गी ओरडली नाही. ओरडले ते पाहुणे, आणि तेही खुशीने. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, बँडने तोंडातला घास गिळून कर्णा फुंकला. नवरामुलगा क्लेमेन्स खुर्चीवर चढून म्हणाला, "अरे चोरांनो, निदान केक तरी कापू द्यायचात!"

लग्नाच्या दुपारी नवरी पळवायची ही आमच्या खोऱ्याची जुनी रीत. मित्रमंडळी तिला कुठेतरी नेऊन बसवतात. नवरा हुडकत येतो, चोरांच्या वाइनचं बिल भरतो, ते सांगतील ती खुळी अट कागदावर लिहून देतो आणि बायको घेऊन जातो. ते कागद आमचा खानावळवाला चौकटीत घालून भिंतीला लावतो. वर्षभर सासूचे जोडे पुसीन, असं एकाने लिहून दिलेलं तिथे आहे. पुसले की नाही ते सासूला माहीत.

इग्नाझने या रीतीचाच हिशेब धरला होता. रीतीच्या आडोशाने दाराबाहेर पडायचं, पुढे बंदूक बोलेल. रीत मध्येच आपला हात सोडणार नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात एक कागद होता. त्यासाठीच हा सगळा खटाटोप. चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात त्याचा मुलगा फाबियान ग्राबनरच्या आरागिरणीत मोठ्या आऱ्यावर पडून गेला. बावीस वर्षांचा पोर. माल लवकर निघावा म्हणून मालकाने आऱ्यावरचं झाकण काढून ठेवायला लावलं होतं. अहवालात मात्र लिहिलं गेलं की मयत कामगार दारू पिऊन कामावर आला होता. खाली ग्राबनरची सही, शेजारी ठाणेदार स्पिट्झरचा शिक्का.

फाबियान पीत नव्हता. गावच्या अग्निशमन दलाची गाडी तो चालवायचा, आणि जत्रेत सगळं गाव झिंगलेलं असताना हा सफरचंदाच्या रसाचा पेला घेऊन बसायचा, कारण आग काही सण बघून लागत नाही. इग्नाझची बायको पुढच्याच हिवाळ्यात गेली. जाताना तिने एवढंच मागितलं, "त्याच्या नावावरचं ते पुसून टाका." इग्नाझने अर्ज केले. जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून तसा भला होता. म्हणाला, "प्रकरण बंद आहे हो. नवा गुन्हा घडल्याशिवाय जुनी फाइल कोण उघडतो?"

तो कारकून बोलून विसरला असेल, इग्नाझ विसरला नाही. एक तर ग्राबनर खिशातल्या या कबुलीच्या कागदावर सही करेल, नाहीतर पोलीस आपल्याला धरून कोर्टात उभं करतील आणि न्यायाधीश विचारेल, का केलंस? मग सांगता येईल. दोन्हीकडून आपलाच फायदा, असं त्याला वाटत होतं.

गाडी चालवायला त्याने मेहुण्याला घेतलं होतं. पोल्डी हा मनाने लोण्याचा आणि डोक्यानेही. ग्राबनरच्या गिरणीतच कामाला होता, तरी बहिणीच्या आठवणीखातर हो म्हणाला. गाव संपता संपता रस्त्यावर आडवा दोर लागला. अग्निशमन दलाची पोरं गणवेशात, हातात नाशपातीच्या दारूची बाटली. लग्नाची गाडी अशी अडवायची आणि पाजल्याशिवाय सोडायची नाही, हीसुद्धा रीतच.

"थांबू नकोस," इग्नाझ म्हणाला.

"दाजी, दोर आहे ना समोर. पोरांच्या अंगावर घालू का?"

पोल्डीने काच खाली केली, एक पेला घेतला. नाही म्हणवेना म्हणून दुसरा घेतला.

"कुठे चाललात चोरहो?" एकाने विचारलं.

"वरच्या कुरणावरच्या खोपीत," पोल्डी म्हणाला.

दोर बाजूला झाला. गाडी घाटाला लागली तेव्हा इग्नाझने विचारलं, "पत्ता कशाला दिलास रे?"

"मग नवरा येणार कसा? खूण तर ठेवावी लागते." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. "हात् तिच्या."

मागच्या सीटवर बुर्गी पांढऱ्या झग्याचा बोंगा मांडीवर गोळा करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "काका, ती बंदूक भरलेली आहे का?"

"आहे."

लग्नातल्या सगळ्यांत तिला एकटीलाच खरं काय ते कळलं होतं.

खोपीत एक बाक, एक चूल आणि उंदरांनी कुरतडलेलं घोंगडं. फोनला रेंज फक्त गुरांच्या दगडी हौदावर उभं राहिलं तरच. म्हणून बावन्न वर्षांचा इग्नाझ बंदूक काखेत धरून हौदाच्या काठावर चढला आणि त्याने खानावळीत फोन लावला.

"मुलगी माझ्या ताब्यात आहे," तो म्हणाला. "ग्राबनरने कागदावर सही करायची. नाहीतर ती परत दिसणार नाही. मी गंमत करत नाहीये."

खानावळवाल्याने फोन ध्वनिक्षेपकाला लावला. "परत सांग रे इग्नाझ, सगळ्यांना ऐकू दे!"

इग्नाझने परत सांगितलं. पलीकडून हास्याचा असा लोट आला की त्याने फोन कानापासून लांब धरला.

"काय सोंग वठवतोय!" कोणी बाई म्हणाली. "बघा, चार वर्षांनी माणसात आला बिचारा."

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. तो हौदावरून उतरताना घसरला आणि त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला.

आत आला तेव्हा बुर्गी बाकावर तशीच बसली होती. बुटातलं पाणी ओतायला तो तिच्यासमोर बसला. दोघांच्या मध्ये बंदूक आडवी.

"कागद दाखवा," ती म्हणाली.

तिने दोनदा वाचला. मग घडी घालून परत दिला आणि खाली बघत बोलली, "तो अहवाल मी टाइप केला होता, काका. बाबा मागे उभे राहून सांगत होते. फाबियान आणि मी एकाच बाकावर शिकलो. तो पीत नाही हे मला माहीत होतं. 'पिऊन' टाइप केलं आणि माझे हात थांबले. बाबा म्हणाले, पुढे लिही."

"आणि तू लिहिलंस."

"लिहिलं."

इग्नाझच्या मनात त्या क्षणी काय काय आलं ते त्याचं त्याला ठाऊक. त्याने बंदुकीला हात लावला नाही, एवढं खरं. त्याने विचारलं, "कोर्टात सांगशील?"

बुर्गी रडायला लागली. झग्याच्या टोकाने नाक पुसत म्हणाली, "सांगेन. विचारलं तर सांगेन."

चार वर्षांत पहिल्यांदा इग्नाझच्या छातीवरचा धोंडा थोडा हलला. तो उठला, आपला कोट काढून त्याने तिच्या खांद्यावर टाकला. वर गार होतं.

तासाभरात बँडचा आवाज आला. ट्रॅक्टरला जोडलेल्या गवताच्या गाडीत बसून अर्धं लग्न वर आलं होतं. पुढे क्लेमेन्स, त्याची टाय कपाळाला बांधलेली. मागे ग्राबनर, लाल, घामाघूम, चांदीच्या गुंड्यांचं जाकीट घातलेला. त्याच्या बाजूला ठाणेदार स्पिट्झर, आज लग्नाच्या कपड्यात. अग्निशमन दलाची पोरंही होती.

इग्नाझने दारात उभं राहून बंदूक रोखली. "तिथेच थांबा."

थांबलं कोणीच नाही. ट्रॉम्बोनवाला नाचत नाचत पुढे आला, त्याने टोपीतलं फूल काढलं आणि नळीत खोचलं. लोक हसून हसून वाकले. चाप ओढावा की काय, असं इग्नाझला वाटलं. पण समोर उभ्या त्या माणसाने फाबियानच्या शवपेटीपुढे वाजवलं होतं. त्याचं बोट आखडलं, आणि बंदूक खाली आली.

"अट काय आहे?" क्लेमेन्स ओरडला. "सांग, मी करतो. झाडावर चढू?"

"तू नाही," इग्नाझ म्हणाला. "तो."

त्याने कागद ग्राबनरच्या हातात दिला. ग्राबनरने चष्मा लावला आणि मोठ्याने, लग्नातल्या विनोदी भाषणाच्या सुरात वाचायला सुरुवात केली. "मी, रुपर्ट ग्राबनर, कबूल करतो की आऱ्यावरचं झाकण माझ्या सांगण्यावरून..." इथे सूर तुटला. बँड गप्प झाला. वाऱ्याने गाडीतलं गवत हलत होतं. ग्राबनरने उरलेलं मनातल्या मनात वाचलं.

इग्नाझने गर्दीकडे पाहिलं. चार वर्षं तो या घटकेची वाट पाहत होता. आता यांना कळेल, यांचे चेहरे बदलतील, माझ्या पोराबद्दल काय काय बोलले ते आठवून माना खाली जातील.

माना खाली गेल्याच होत्या. पण नवल एकाही चेहऱ्यावर नव्हतं. ट्रॉम्बोनवाला बुटाने गवत उकरत होता. दलाची पोरं एकमेकांकडे न बघता उभी होती, तीच पोरं, जी जत्रेत फाबियानच्या पेल्यातला रस बघून त्याची चेष्टा करायची. पोल्डी तर गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला होता. या सगळ्यांना माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. इग्नाझ ज्यांना सांगायला निघाला होता, त्यांच्यापैकी एकालाही सांगण्याची गरज नव्हती. बायको गेली ती याच लोकांपासून तोंड लपवत, आणि यांना माहीत होतं.

ग्राबनर काही मूर्ख माणूस नव्हता. सही नाकारली असती तर त्या कागदाला वजन आलं असतं. त्याने खिशातून पेन काढलं, क्लेमेन्सची पाठ वाकवली, तिच्यावर कागद ठेवून लांबलचक सही ठोकली आणि हसून म्हणाला, "घ्या! मुलीसाठी बाप काहीही कबूल करतो. आता माझी पोर द्या!"

मंडळींनी श्वास सोडला. टाळ्या पडल्या, गमतीला वाजवाव्यात त्यापेक्षा जरा जास्तच जोरात.

इग्नाझ स्पिट्झरपुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पुढे केले. "गुन्हा नोंदवून घ्या. मी बंदूक दाखवून मुलगी पळवली."

"इग्नाझ, आज मी सुट्टीवर आहे."

"नळीत गोळ्या आहेत. उघडून बघा."

स्पिट्झरने बघितलं नाही. त्या अहवालावरचा शिक्का त्याचाच होता, त्याला ही फाइल उघडायची हौस नव्हती. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नवरी चोरली म्हणून आत टाकायला लागलो तर निम्म्या खोऱ्याला कोठडी पुरायची नाही." मग बुर्गीकडे वळला. "काय गं पोरी? तुला जबरदस्तीने आणलं का?"

आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं. हो म्हणाली की बेड्या, बेड्या की कोर्ट. इग्नाझ तिच्याकडे असा बघत होता की भिकाऱ्यानेही बघू नये. म्हण हो. अगं, म्हण.

बुर्गीने बापाकडे पाहिलं, मग क्लेमेन्सकडे. क्लेमेन्सचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्याच्या मागे काही नव्हतं. खांद्यावरचा कोट तिने घट्ट ओढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "काकांनी गंमत केली. रीतच आहे ना."

बँड सुरू झाला. गर्दी तिला उचलायला धावली. इग्नाझजवळून जाताना ती वाकली आणि कोट त्याच्या हातात देत कानाशी पुटपुटली, "दहा वर्षं आत गेला असतात, काका. मी तुम्हाला वाचवलं." आणि तिला ते खरंच वाटत होतं.

चोरानेही वरातीबरोबर परत यायचं असतं. त्याला गवताच्या गाडीत मध्यभागी बसवलं, हातात पेला दिला. खानावळीत त्याला नवरीच्या टेबलाशी, ग्राबनरच्या शेजारी खुर्ची मिळाली, कारण तो मान चोराचाच. केक कापला तेव्हा पहिला तुकडा त्याच्या बशीत आला. ओला बूट फरशीवर पाणी सोडत होता. रागावून उठून जावं तर लोक म्हणाले असते, इग्नाझ पुन्हा माणसातून उठला. तो बसून राहिला, आणि त्याने केक खाल्ला.

कागद खानावळवाल्याने मागून घेतला. इग्नाझने विरोध केला नाही. त्याच्या अंगात आता काही उरलं नव्हतं. तो कागद अजून भिंतीवर आहे, सासूच्या जोड्यांच्या शेजारी, चौकटीत. फाबियान हासलिंगर त्या दिवशी दारू प्यायलेला नव्हता, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. खाली सही ग्राबनरची, खरीखुरी. बाहेरगावचे पाहुणे मोरीकडे जाता-येता तो वाचतात आणि हसतात. दर रविवारी प्रार्थना संपली की इग्नाझ येतो, त्याच्याखालच्या टेबलाशी बसतो आणि सफरचंदाचा रस मागवतो.