थंड पडलेल्या हीटरची कैफियत

मित्रांनो, जरा दमानं ऐका. मला आता भराभर बोलणं जमत नाही. मी एका जुन्या व्हॅनमधला हीटर आहे. डॅशबोर्डच्या पोटात माझा मुक्काम. लोकांना वाटतं, माझ्यात आग असते. कसली आग! इंजिन तापलं की त्याचं गरम पाणी माझ्या नळ्यांतून फिरतं आणि पंखा ती ऊब बाहेर फुंकतो. मी नुसता मधला हमाल.

व्हॅन बाळ्याची. बाळ्या साठीला टेकलाय, पण थोरल्या बहिणीला तो अजून बाळ्याच. पूर्वी गाडीत शाळेची मुलं असत. माझ्यासमोर ओले मोजे वाळवत आणि 'आपला हीटर एक नंबर' म्हणत. फार बरं वाटायचं. आता एकटी ताई असते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते झालं की तिला हुडहुडी भरते, आणि घर लांब.

गेल्या उन्हाळ्यात चढावर इंजिन उकळलं. मिस्त्रीने पंख्याचा सैल पट्टा बदलला आणि वर इंजिनातली एक पितळी झडपही काढून टाकली. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणं हे तिचं काम. कटकटच नको, म्हणाला. बाळ्याने ती कागदात गुंडाळून माझ्या शेजारच्या खणात टाकली आणि विसरला.

थंडी आली. अडवायला कुणी नाही म्हणून पाणी सारखं धावत राही. इंजिन तापेना आणि मी गार वारा फुंकत बसलो. मग काय, सगळ्यांनी मलाच धरलं. पाणी भरलं, फ्यूज बदलला, नळ्या धुतल्या. दर वेळी माझं पोट उघडायचं आणि पुन्हा बंद करायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! दुखण्याचं मूळ हातभर अंतरावर पडलेलं, आणि मला तोंड असून वाचा नाही. थकलो हो अगदी.

एका संध्याकाळी परतताना ताईचे दात वाजत होते. ती शांतपणे म्हणाली, "बाळ्या, आता पुरे. परवापासून मी येणार नाही."

बाळ्याने गाडी कडेला घेतली. तो तिच्यासाठी हातमोजे शोधू लागला. खणात हातमोजे नव्हतेच. कागदाचा बोळा निघाला. झडप हातात घेऊन त्याने समोरच्या, इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. एवढं अंतर चालूनही काटा तळालाच होता.

दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रीला सांगत होता, ते मी ऐकलं. रात्री त्याने झडप पातेल्यात उकळून पाहिली. गरम पाण्यात उघडली, गार होताच मिटली. म्हणजे बिचारी तीही निर्दोष. मिस्त्रीने मुकाट्याने ती जागेवर बसवली.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणी थंड पडलं की लगेच त्याला नावं ठेवू नका. त्याच्यापर्यंत ऊब पोचते का, तेवढं आधी बघा.

डायलिसिसच्या ठरल्या दिवशी बाळ्याने दारात गाडी चालू ठेवली. नुसती बसून तर बघ, एवढंच तो ताईला म्हणाला. ती कुरकुरत बसली. मी होतं नव्हतं तेवढं सगळं फुंकलं. जरा वेळाने तिने चपला काढल्या, पावलं माझ्यासमोर धरली आणि डोळे मिटले.

"चल," ती म्हणाली. "तिकडे उशीर झालेला चालत नाही."